पैलवानाला थंडी वाजते

वऱ्हाडात थंडी ही तक्रार करायची गोष्ट नाही. तक्रार करायची ती उन्हाची. ती फेब्रुवारी संपता संपता सुरू करायची आणि जूनमध्ये पाऊस लांबला की पावसाकडे वळवायची. थंडीची मात्र वाट पाहायची असते. डिसेंबर निम्मा सरला तरी पेटीतला स्वेटर पेटीतच असला, तर मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात माणसं काळजीत पडतात. संत्र्याची झाडं आंबिया बहारासाठी ताणावर सोडलेली असतात. पाणी तोडलेलं, त्यात थंडी कडक पडली की झाड गप्प निजतं आणि मग पाणी दिलं की फुलून येतं. गव्हाला थंडी पाहिजे, हरभऱ्याला पाहिजे. सकाळी चौकात पऱ्हाट्यांच्या शेकोटीभोवती बसलेला माणूस कुडकुडत म्हणतो, "यंदा बरी पडून राह्यली बुवा," आणि बाकीचे कुडकुडतच माना हलवतात.

अशा गावात, म्हणजे आमच्या रिद्धपुरात, थंडी पडू नये म्हणून मनातल्या मनात नवस बोलणारं यंदा एकच घर होतं. ते आमचं. आमच्याकडे संत्र्याचा बगीचा नाही, गहू-हरभरा नाही. आमच्याकडे मासा आहे. एकच. लांबीला बोटाएवढा, रंगाने निळा, अंगावर पर आणि शेपटी मिळून इतका पसारा की नवरीने पैठणी सावरत चालावं तसा तो पाण्यात चालतो. वजन विचाराल तर घरचा ताणकाटा त्याची दखलही घेत नाही. पण या दखल न घेण्याजोग्या प्राण्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या घराचं वेळापत्रक, वीजबिल, प्लगपॉइंटांची वाटणी आणि सासू-सुनेचं संभाषण हे सगळं आपल्या हातात घेतलं होतं. हात नसताना.

धाकट्या पोरीला कुत्रा पाहिजे होता. आईने उपदेश घेतलेला. महानुभावांच्या घरात सोवळं-ओवळं फार नसतं, पण कुत्रा हाडकं आणून अंगणात टाकील हे तिला दिसत होतं. मांजर उंदीर मारील. पोपट पिंजऱ्यात ठेवणं पाप. उरला मासा. तो पाण्यातला, तो काय करणार बिचारा, असं म्हणून परवानगी मिळाली. अमरावतीच्या एका दुकानात काचेच्या पेल्यांची रांग होती आणि एकेका पेल्यात एकेक फायटर मासा गुरगुरत होता. पोरीने निळा निवडला. याला लागतं काय, असं मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "काईच लागत नाई सर. एका गिलासात राह्यते. दोन दाणे सकाळी, दोन दाणे संध्याकाळी. मेन्टनन्स झीरो." वऱ्हाडात ज्या वस्तूला 'काईच लागत नाई' म्हणून विकतात, तिला काय काय लागतं ते घरी आल्यावर कळतं. लग्नाची स्थळंही याच वाक्यावर जमतात.

पोरीने त्याचं नाव पैलवान ठेवलं. नाव अमरावतीला शोभणारं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथे १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाची मंडळी तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आली. आमचा पैलवान त्याच शहरातून प्लास्टिकच्या पिशवीत, एसटीच्या खिडकीशी, माझ्या मांडीवर बसून रिद्धपूरला आला. पहिल्या आठवड्यात त्याने नावाचं सार्थक केलं. आरशात स्वतःला पाहून कल्ले फुगवले, आईच्या चष्म्यावर चालून गेला, पोरीच्या बोटाला चावा घ्यायला वर उसळला. दिवाळीनंतर सातपुड्याकडून वारं सुटलं आणि पैलवान खाली बसला.

खाली बसला म्हणजे खरोखरच. भांड्याच्या तळाशी, पर मिटून, रंग उडालेला. दाणे टाकले तर बघायचा नाही. आई म्हणाली, "उपास धरला असंन." बायको म्हणाली, "आज कोणता उपास?" आई म्हणाली, "त्याच्या गावात असंन."

त्याचं गाव कोणतं, हे मग मला बघावं लागलं. मूळ पुरुष थायलंडचा. मध्य थायलंडात चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात भाताची खाचरं, दलदली, संथ चर. पाणी उथळ आणि बारा महिने कोमट. तिथे लोक त्याच्या झुंजी लावत. १८४० साली सयामच्या राजाने भेट दिलेले हे मासे थिओडोर कँटर नावाच्या डॉक्टरच्या हाती आले, त्याने त्यांच्यावर लिहिलं, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रीगन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांना आजचं 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे नाव दिलं. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. म्हणजे आमच्या फळीवर, जिऱ्याच्या डब्याशेजारी, दुसऱ्या देशाचं राष्ट्रीय चिन्ह उपाशी बसलं होतं.

त्याला पाणी लागतं २४ ते २८ अंशांचं, त्यातही २६च्या आसपास स्थिर. आपण गरम रक्ताचे प्राणी, बाहेर काही असो, आतली भट्टी आपली आपण पेटवून ठेवतो. माशाच्या अंगात भट्टी नाही. पाणी जेवढं, तेवढाच तो. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक जाते, हालचाल जाते, रोगाशी लढायची ताकद जाते. आठवडाभर तसंच राहिलं तर अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येऊ शकतात आणि मग उपाय अवघड.

आता पाण्याचं तापमान मोजायचं कशाने? आईने तापाचा थर्मामीटर काढला, झटकला आणि भांड्यात बुडवला. बाहेर काढून उजेडाकडे धरला. "ताप नाई त्याले," म्हणाली आणि निश्चिंत झाली. तापाच्या थर्मामीटरचे आकडे ३५पासून सुरू होतात. त्याखाली तुम्ही जिवंत आहात की नाही यात त्याला रस नसतो. मग मी माशांचा थर्मामीटर मागवला. सकाळी सहाला पाणी १७. दुपारी दोनला २५. दुसऱ्या दिवशी सकाळी परत १७.

गोम इथेच होती. वऱ्हाडची थंडी ही युरोपातल्यासारखी मुक्कामाला येणारी थंडी नव्हे, ती रातपाळी करते. पहाटे पारा १०-१२ पर्यंत उतरतो आणि दुपारी तोच २८-३०ला टेकतो. माणूस सकाळी स्वेटर घालतो, अकराला काढतो, कंबरेला बांधतो आणि संध्याकाळी सोडून परत घालतो. माशाला ही सोय नाही. त्यातून भांडं लहान. पाणी कमी असलं की ते हवेच्या मागे धावतं. हवा उतरली की पाणी उतरलं, हवा चढली की चढलं. दुकानदाराच्या त्या गिलासात ठेवला असता, तर पैलवानाने रोज पहाटे महाबळेश्वर आणि दुपारी बँकॉक पाहिलं असतं. नुसत्या गारठ्याने जेवढी माशाची दैना होत नाही, तेवढी या खाली-वर होण्याने होते.

बातमी गल्लीत गेली. आमची गल्ली महानुभावांच्या राजमठाकडे जाणाऱ्या वाटेवर, त्यामुळे दर्शनाला येणारा-जाणारा प्रत्येक जण दंडवत घालून दोन मिनिटं आजाऱ्याची चौकशी करून जाऊ लागला. एक म्हणाला, हळद टाका. एक म्हणाला, भांड्याला गोधडी गुंडाळा. गोधडी गुंडाळली, तेव्हा पोरीने एक प्रश्न विचारला: "बाबा, आपण गोधडीत गरम होतो ते आपल्या अंगाच्या गरमीनं ना? पैलवानाच्या अंगात तर गरमीच नाही. मग गोधडी कोणाची गरमी धरून ठेवील?" आठवीतल्या विज्ञानाचं पुस्तक किती चांगलं निघतं याचा मला त्या दिवशी शिक्षक म्हणून अभिमान आणि बाप म्हणून ताप झाला.

शेजारच्या भाऊंचा उपाय सगळ्यात सोपा होता. भाऊंचा संत्र्याचा बगीचा. संत्र्याला जे चालतं ते जगाला चालतं असा त्यांचा सिद्धान्त. तरी या बाबतीत त्यांनी बगीच्याबाहेर विचार केला. "सर, येवढा इचार कायले करता? आंघोळीचा रॉड हाय ना घरात? टाका ना अंदर."

मी कागद घेतला. दहा लिटर पाणी. आंघोळीचा रॉड १५०० वॅटचा. हे पाणी एका अंशाने तापवायला त्याला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. १७वरून २६वर यायला चार-सव्वाचार मिनिटं. त्यात फोन वाजला, दुधवाला आला, भाऊ बोलायला थांबले (आणि भाऊ थांबतातच), तर पुढच्या पाच-सात मिनिटांत पाणी चाळिशी गाठतं. मी म्हटलं, "भाऊ, याचा रस्सा होईल."

"रामराम!" भाऊ म्हणाले आणि दाराकडे बघितलं. आई आत होती.

मग जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब. कोंबड्यांची पिल्लं बल्बाखाली ठेवतात, तसा मासाही ठेवावा, असं विद्यापीठापायी गावात आलेल्या आमच्या भाडेकरू पोराने सुचवलं. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ व्हावं म्हणून २०२३ साली कायदा झाला आणि तेव्हापासून गावात कोणत्याही विषयावर सप्रमाण बोलणाऱ्यांची सोय झाली आहे. पोराचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. जुना बल्ब विजेतला फार थोडा भाग उजेडाला देई आणि बाकीचा सगळा नुसता तापण्यात घालवी. पण तसा बल्ब आणायचा कुठून? गावातली सगळी दुकानं एलईडी विकतात. एलईडी काम चोख करतो, उजेड देतो, तापत फारसा नाही. आमच्या लहानपणी साठच्या बल्बाला हात लागला की फोड यायचा. त्या बल्बाने किती मासे जगवले असते!

शेवटी रीतसर व्यवस्था झाली. भांडं बदलून वीस लिटरची टाकी आली, कारण पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. वर झाकण आलं. उघड्या तोंडाच्या भांड्यातून पाणी उडत राहतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात माठ गार होतो तो याच न्यायाने. दुकानदाराने आम्हाला विकलं होतं ते डिसेंबरात चालवायला दिलेला माठच होता. शिवाय बेट्टाला कल्ल्यांबरोबर डोक्यात हवा घ्यायचा एक वेगळा अवयव असतो. तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, तेव्हा ती हवाही कोमट आणि दमट असलेली बरी. झाकणाने दोन्ही कामं साधतात. टाकीच्या तिन्ही बाजूंना थर्माकोल लागला. तो नव्या टीव्हीच्या खोक्यातला. बायकोने तो 'कामात येईल' म्हणून चार वर्षं माळ्यावर जपला होता, आणि तो कामात आल्याचं ती अजून सांगते.

आणि आला हीटर. काचेची बोटभर जाडीची नळी, टोकाला लाल दिवा, आत थर्मोस्टॅट. २६ला लावून ठेवला की तेवढ्यावर आला की आपोआप बंद, उतरला की चालू. ताकद २५ वॅट. त्याला वीस लिटर पाणी एका अंशाने तापवायला तासभर लागतो आणि हेच त्याचं मोठेपण. पाण्याला चढायला रात्र लागली तर माशाला ते कळतही नाही. एकच पथ्य: पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय चालू करायचा नाही आणि पाणी बदलताना आधी बटण बंद. तापलेली काच उघडी पडली आणि वर गार पाणी लागलं की तडकते.

बायकोने पहिला प्रश्न विचारला तो बिलाचा. मी परत कागद घेतला. हीटर दिवसभर, चोवीस तास, क्षणभर न थांबता चालला तरी ०.६ युनिट. आंघोळीचा रॉड पाऊण-अर्धा तास सोडा, नुसता चोवीस मिनिटं चालवला तरी तेवढंच. म्हणजे तुझ्या भावाने दिवाळीत एका बादलीला जी वीज लावली, त्यात पैलवानाचा दिवस निघतो. हिशेब बरोबर होता. उदाहरण बदलता आलं असतं.

आईचं दुखणं वेगळं होतं. "माह्या खोलीत येवढ्या वर्साचा गारठा, तेव्हा कोनी हीटर नाई आनला. मच्छीले आनला." आईला त्याच आठवड्यात शेगडी आली. त्या दृष्टीने पाहता या गावात म्हाताऱ्यांना ऊब मिळवून देण्याचं काम थायलंडने केलं.

टाकी सुरू झाली आणि दुसऱ्या की तिसऱ्या रात्री लाइन गेली. लाइन जाणं ही वऱ्हाडात बातमी नसते. आमच्याकडे शेतीपंपांची लाइन पाळीपाळीने येते. पाळी रात्रीची असली की भर थंडीत माणूस डोक्याला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. साप, रानडुक्कर, चिखल, सगळं सांभाळून. भाऊ एका रात्री बाराला असेच निघाले होते. आमच्या खिडकीत उजेड दिसला म्हणून डोकावले. आत मी पाण्याच्या बाटलीत चुलीवरचं ऊन पाणी भरून ती टाकीत तरंगत सोडत होतो. ही युक्ती अचूक आहे: टाकीतल्या पाण्यात ऊन पाणी मिसळायचं नाही, बंद बाटलीतून ऊब हळूहळू उतरू द्यायची. भाऊ घटकाभर बघत राहिले. त्यांच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल लागायचा अजून बाकी होता.

"सर," ते म्हणाले, "पुढच्या जल्मी मले तुमच्या घरचा मासा व्हाव लागते."

दिवसा-संध्याकाळी लाइन गेली तर इन्व्हर्टर होता. पण आमच्या इन्व्हर्टरवर एकच जादा प्लग निघतो, आणि संध्याकाळी सात ते नऊ त्यावर आईच्या मालिकांचा हक्क. पैलवान आणि मालिका यांच्यातला तंटा सोडवायला थर्माकोलच पुढे आला. झाकलेली, गुंडाळलेली वीस लिटरची टाकी दोन तासांत फार तर अंश-दीड अंश उतरते. तेवढं चालतं. मालिकेतली सून तर दोन तासांत त्याहून जास्त उतरते.

सगळ्यात नाजूक प्रकरण पाणी बदलण्याचं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून ताजं घालायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून ते बादलीत रात्रभर उघडं ठेवा, असं कोणीही सांगतं. रात्रभर ठेवलं की क्लोरीन जातं हे खरं, पण सकाळी त्या पाण्यात हात घातला की हातही जातो. क्लोरीन काढावं तर गारठा भरतो. गारठा काढायला तापवावं तर अंदाज चुकतो. यावर तोडगा आईने काढला, आणि तोही सहज, भांडी घासता घासता. "बोरिंगचं पानी थंडीत कोमट राह्यते. लहानपनापासून पाहून राह्यली मी."

आईला हे कोणी पुस्तकात सांगितलं नव्हतं, पण पुस्तक तिच्याच बाजूने आहे. जमिनीखाली काही मीटरांवर थंडी पोचत नाही आणि ऊनही पोचत नाही. तिथलं पाणी वर्षभराच्या हवेची सरासरी धरून बसलेलं असतं, आणि आमच्या भागात ती सरासरी २६-२७ अंशांच्या घरात पडते. म्हणून विहिरीचं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि जानेवारीत वाफाळतं. पाणी तेच असतं, बदलतो तो आपला हात. मी सकाळी बोअर सुरू केला, दोन मिनिटं पाणी वाहू दिलं, थर्मामीटर धरला. पाव अंश इकडे-तिकडे सोडला तर अगदी पैलवानाच्या मापाचं पाणी. थायलंडची खाचरं आमच्या अंगणाखाली होती आणि आम्ही अमरावतीहून हीटर आणला होता. बोअरच्या पाण्यात क्लोरीनही नसतं. थोडं खळबळून, हवा लागू देऊन लगेच घातलं की झालं. पश्चिमेला दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र हा प्रयोग करू नये; तिथल्या पाण्याने माणसांचंच पुरतं जमत नाही.

वर्धा नदीकाठच्या एका भोयाला मी ही सारी हकीकत सांगितली. तो माणूस अप्पर वर्धा धरणात रोहू-कटला धरतो. तो हसला नाही. धंद्यातला माणूस धंद्यातल्या गोष्टीला हसत नाही. म्हणाला, थंडीत मोठी मच्छीपण खात नाही, खोल पाण्यात उतरते, जाळं रिकामं येते. धरणाचं पाणी खोल असतं म्हणून तिला उतरायला जागा आहे. तुमच्या टाकीत तळ गाठायला अर्धा हात पाणी. तो बसंन तर कुठी बसंन? मग त्याने मरळीचं कौतुक केलं. मरळही हवा घेऊन जगणारी, पाणी आटलं तरी चिखलात तग धरणारी, इथल्या थंडीची, इथल्या उन्हाची. "तिले ना हीटर लागत, ना थर्माकोल. पन सर," तो म्हणाला, "तिले कोनी फळीवर ठेवून पाह्यत नाई. तिले लोक वेगळ्याच कामासाठी घरी नेते."

हे वेगळं काम आमच्या घरात निघणं शक्य नव्हतं. आईच्या घरात अंडंही येत नाही. म्हणूनच पैलवानाच्या खाण्याचा प्रश्न उभा राहिला, तो थंडीहून बिकट. पाणी २६वर आलं, भूक परतली, आणि तो मागायला लागला. डबीवरचे बारीक इंग्रजी शब्द पोरीने मोठ्याने वाचले: माशाची भुकटी, झिंग्याची भुकटी. स्वयंपाकघरात शांतता पसरली. रानात हा डास-अळ्या आणि किडे खाणारा. मुगाची डाळ दाखवून त्याला उपदेश देता येत नाही, पोट बिघडून मरेल. आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी भाडेकरू पोराने मांडणी केली. म्हाइंभटांनी लीळाचरित्र रचलं ते याच गावात. त्यात ससा आहे. शिकाऱ्यांच्या तावडीतून पळालेला ससा चक्रधर स्वामींच्या मांडीखाली लपतो आणि स्वामी त्याला देत नाहीत. ससा आयुष्यभर काय खाईल याची चौकशी करून मग स्वामींनी त्याला आसरा दिला, असं कुठे नाही. जो आश्रयाला आला त्याला जगवायचं.

आईने विचार केला. "त्याले तू आनला," ती मला म्हणाली. "तूच चार. पाप तुह्यं. हीटर माह्याकून." तेव्हापासून दाणे टाकायचं काम माझ्याकडे आणि तापमान बघायचं आईकडे आहे. पहाटे नामस्मरण झालं की ती चष्मा लावून टाकीपाशी जाते आणि अंक मोठ्याने वाचते. गल्लीतल्या दोन घरांत हवामान त्यावरूनच कळतं.

मे महिन्याचं पुढे बघू. तेव्हा बाहेर ४४-४५ आणि घरात कुलर. हीटर माळ्यावर जाईल, झाकण निघेल आणि ज्या माठगिरीला डिसेंबरात शिव्या दिल्या, तीच मुद्दाम घडवून आणावी लागेल. भाऊंनी त्यावरही उपाय सांगून ठेवला आहे, त्यात बर्फाची लादी आहे.

पण फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. सकाळी आई अंक वाचायला गेली ती ओरडतच आली: टाकीत फेस आला, पाणी खराब झालं. जाऊन पाहतो तर पैलवान रंगात. निळा असा की नजर ठरू नये. वर कोपऱ्यात बारीक बारीक बुडबुड्यांची जाड गादी, आणि हा एकेक बुडबुडा तोंडात घेऊन तिथे नेऊन चिकटवतो आहे. पाणी खराब झालं नव्हतं. नर बेट्टा तब्येतीने खूश असला, पाण्यात ऊब असली, की घरटं बांधतो. अंडी घालायला मादीने यावं म्हणून.

"म्हंजे लग्नाचा झाला," आई म्हणाली.

घरात एकदम चैतन्य आलं. भाडेकरू पोराने सांगितलं की रिद्धपुराला लग्नाच्या गाण्यांची उणीव नाही. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा खेळ या गावात मांडला गेला, तेव्हाच तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले; मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची गाणी गावात तयार आहेत, मुलगी तेवढी पाहा. भाऊ म्हणाले, अमरावतीलाच पाहा, येणं-जाणं सोपं. पोरीने मात्र पुस्तकातून पुढचं वाचलं. मादीला टाकीत सोडायचं ते थोडाच वेळ. अंडी घालून झाली की तिला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर हा तिला मारतो. खाली पडलेलं एकेक अंडं तोंडाने उचलून घरट्यात ठेवायचं काम बापाचं, राखण बापाची, पिल्लं निघेपर्यंत डोळ्याला डोळा न लावणं बापाचं.

आई आणि बायको दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी मी वर्तमानपत्र उघडतो.

"किती पिल्लं होतात?" बायकोने विचारलं.

"शेकड्यानंही होतात," पोरगी वाचत म्हणाली. "आणि दोन-तीन महिन्यांनी त्यातले नर एकमेकांशी भांडायला लागतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं भांडं."

"आणि प्रत्येक भांड्याला हीटर?"

"थंडीत, हो."

बायकोने फळीकडे पाहिलं. जिऱ्याच्या डब्याशेजारी एवढंसं घरटं बांधून त्याखाली कल्ले फुगवून उभा असलेला तो निळा गृहस्थ, टाकीला लागून जाणारी काळी वायर, वायरच्या टोकाला लाल दिवा.

"त्याले म्हना," ती मला म्हणाली, "पयले मीटर वेगळं घे."